तानेनंतरचा तंबोरा: ट्यूब कंप्रेसरचा इतिहास कसा ऐकायचा?

पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘आधी विषय नीट बांधून घे.’ सल्ला बरोबरच आहे. पण बांधायचा कुठून, हे फारसं कुणी सांगत नाही. विषय एखाद्या यंत्राचा इतिहास असेल, तर आपण बहुतेक जण ते कुणी शोधलं, कोणत्या साली शोधलं, आपल्याकडे कधी आलं, या क्रमाने लिहायला लागतो. आज मी तुम्हाला दुसरी सुरुवात सुचवणार आहे. ते यंत्र जे काम करतं, ते काम यंत्र येण्याआधी कोण करत होतं, हा प्रश्न पहिला विचारायचा.

उदाहरणाला घेऊ रॅकमध्ये बसवायचा ट्यूब कंप्रेसर. ट्यूब म्हणजे तोच आपल्या आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह. अमेरिकन कॅटलॉगमधून ‘ट्यूब’ हा शब्द आला, ब्रिटिशांकडून ‘व्हॉल्व्ह’. कंप्रेसर म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला आपोआप खाली दाबणारं उपकरण. मी फिजिक्समध्ये एमएससी केलं आणि आता ध्वनिमुद्रणाच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे या डब्याकडे मला दोन्ही बाजूंनी बघावं लागतं.

यात अडकलंय काय? तर तुमचा डेटा. हल्ली जुन्या ख्यालगायनाच्या रेकॉर्ड्स सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या, लाउडनेसचा आलेख काढायचा आणि त्यावरून अमुक घराण्याचा आवाज कसा लागतो याचे निष्कर्ष काढायचे, असं संशोधन सहज करता येतं. पण मुद्रणाच्या साखळीत कुठेतरी कंप्रेसर बसलेला असेल, तर तो आलेख गायकाच्या गळ्याचा उरत नाही. बराचसा त्या डब्याचा होतो. व्हायवाला परीक्षकाने हाच प्रश्न विचारला तर उत्तर तयार हवं. ते कसं तयार करायचं, ते पुढे.

फरशी आणि पोटमाळा

गिरगावातल्या चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. खाली फरशी, वर पोटमाळा. मधल्या उंचीत जेवढं मावेल तेवढंच ठेवता येतं. ध्वनिमुद्रणाचं प्रत्येक माध्यम अशीच एक खोली असते. फरशी म्हणजे माध्यमाची स्वतःची खरखर. त्याहून हळू आवाज तिच्यात बुडून जातो. पोटमाळा म्हणजे विकृतीची मर्यादा. त्याहून मोठा आवाज फाटतो. या दोहोंमधल्या अंतराला डायनॅमिक रेंज म्हणतात आणि ती डेसिबलमध्ये मोजतात. व्होल्टेज दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल, दहापट झालं की २० डेसिबल, एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजेल.

लाखेच्या ७८ आरपीएम तबकडीची उंची ढोबळमानाने ३० ते ४० डेसिबल. सिनेमाच्या फिल्मवरच्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीचीही साधारण तेवढीच. सीडीची सैद्धांतिक उंची ९६. नुसत्या तंबोऱ्याच्या झंकारापासून तारसप्तकातल्या तानेपर्यंत जाणारी मैफल पहिल्या दोन खोल्यांत ताठ उभी राहू शकत नाही. तिला वाकावंच लागतं.

पोटमाळ्याला डोकं आपटलं तर काय होतं, हे माध्यमागणिक बदलतं. तबकडी कापताना सुई शेजारच्या खाचेत घुसू शकते. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या फिल्मध्वनी पद्धतीत ‘लाइट व्हॉल्व्ह’ असायचा, त्यात धातूच्या दोन बारीक पट्ट्यांमधून प्रकाश फिल्मवर पडायचा. सिग्नल जास्त झाला की त्या पट्ट्या एकमेकींवर आपटायच्या. मध्यम लहरींच्या रेडिओत मॉड्युलेशन १०० टक्क्यांच्या पुढे गेलं की वाहक लहर क्षणभर तुटते आणि शेजारच्या स्टेशनवरही कचरा सांडतो. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, तेव्हापासून ही काळजी या शहरातही आली.

म्हणजे प्रश्न सगळीकडे एकच: आवाजाला वाकवायचं कुणी? याची तीन उत्तरं इतिहासात मिळतात. गायकाचं शरीर, ध्वनिमुद्रकाचा हात आणि व्हॉल्व्ह. पुढे तिघांची नावं मी अशीच वापरणार आहे.

शरीर आणि हात

१९०२ मध्ये कोलकात्यात भारतातल्या पहिल्या व्यावसायिक तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गायचे आणि सूर चढला की मागे सरायचे. अख्खी प्रणाली गायकाच्या मानेवर आणि पावलांवर चालायची. १९२५ नंतर विद्युत मुद्रण आलं, मायक्रोफोन आणि व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आले, तरी पावलांचं काम संपलं नाही.

१४ मार्च १९३१. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा हा पहिला भारतीय बोलपट. तो ‘टानार’ नावाच्या यंत्रावर मुद्रित झाला आणि पद्धत होती सिंगल सिस्टिम: चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर. नंतर मिक्सिंग करू, पातळी सुधारू, अशी सोयच नाही. स्टुडिओ रेल्वेरुळांजवळ, त्यामुळे गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण चालायचं. मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या नजरेआड लपवावे लागायचे.

आता हीच माहिती आपल्या खोलीच्या भाषेत वाचा. रात्री काम करणं म्हणजे फरशी खाली नेणं. लपवलेला माइक म्हणजे नटाचं माइकपासूनचं अंतर दिग्दर्शकाने नाही, तर पडद्यामागच्या अडचणीने ठरवणं. सिनेमाच्या इतिहासात हे किस्से गंमत म्हणून सांगितले जातात. तुम्ही ते डायनॅमिक रेंज सांभाळण्याची तंत्रं म्हणून नोंदवा. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे या बाबतीत किस्से हाच पुरावा आहे.

शरीराचं काम किती सूक्ष्म होऊ शकतं, याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९४९ चा ‘महल’. त्यातलं खेमचंद प्रकाश यांचं ते सुप्रसिद्ध गाणं गाताना आपण खोलीच्या कोपऱ्यातून चालत माइककडे आलो, हे लता मंगेशकर यांनी स्वतः सांगितलं आहे. कुणी नॉब फिरवला नाही, अंतर बदललं. अंतर बदललं की फक्त पातळी बदलत नाही. गायकाचा थेट आवाज आणि खोलीचा गुंजारव यांचं प्रमाणही बदलतं. हा मुद्दा बाजूला लिहून ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता हाताकडे येऊ. दादर-परळ हा पट्टा एके काळी स्टुडिओंचा होता: दादरला रणजित, रूपतारा, परळला कारदार आणि वाडिया मूव्हीटोन. वाडियांच्या त्याच जागेत १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारलं. शांताराम आले ‘प्रभात’मधून, जिथे ध्वनीचं खातं विष्णुपंत दामले सांभाळायचे, म्हणजे ध्वनिमुद्रकाला दिग्दर्शकाच्या बरोबरीने मान देणारी परंपरा बरोबर घेऊनच आले. पुढे राजकमलमध्ये मंगेश देसाई यांनी री-रेकॉर्डिंगची जी पातळी गाठली, तिच्यामुळे सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शक आपले चित्रपट मिक्सिंगसाठी परळला आणायचे. ‘शोले’चं री-रेकॉर्डिंगही देसाईंचंच.

री-रेकॉर्डिंग म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाज यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या पडद्यावरचं चित्र बघत एकत्र करणं. १००० फुटांचं रीळ सुमारे ११ मिनिटं चालतं. प्रोजेक्शन मागे-पुढे करायची सोय येण्याआधी दहाव्या मिनिटाला चूक झाली की रीळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी तालमी व्हायच्या. कुठे बंदूक सुटणार, कुठे नायिका कुजबुजणार, हे मिक्सरच्या बोटांना पाठ असायचं. गोळी सुटायच्या आधीच फेडर खाली यायला लागायचा.

या ‘आधीच’ला इतिहासात मोठी किंमत आहे. हाताला पुढचं माहीत असतं.

व्हॉल्व्हला पुढचं माहीत नसतं

तिसरं उत्तर रेडिओच्या संचातून आलं. जवळचं स्टेशन जोरात आणि लांबचं हळू, ही सुरुवातीच्या रेडिओ सेटची डोकेदुखी होती. १९३० मध्ये स्टुअर्ट बॅलँटाइन आणि एच. ए. स्नो यांनी व्हेरिएबल-म्यू जातीचा व्हॉल्व्ह मांडला. कल्पना अगदी हाताने दाखवता येईल अशी आहे. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडकडून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे जातात. मध्ये तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडला ऋण व्होल्टेज दिलं की प्रवाह कमी होतो. साध्या व्हॉल्व्हमध्ये जाळीचे वेढे समान अंतरावर असतात, त्यामुळे एका ठरावीक व्होल्टेजला प्रवाह झटकन तुटतो. व्हेरिएबल-म्यूमध्ये वेढे काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ असतात. ऋण व्होल्टेज वाढवत नेलं की दाट भाग आधी बंद पडतो, विरळ भाग चालू राहतो. गेन एकदम तुटण्याऐवजी हळूहळू उतरतो.

आता त्याला कंप्रेसर करायचा. आउटपुटमधून थोडा सिग्नल घ्या, तो डायोडने रेक्टिफाय करून डीसी करा, कपॅसिटरमध्ये साठवा आणि ते ऋण व्होल्टेज परत ग्रिडला द्या. आवाज वाढला की कपॅसिटर भरतो, ग्रिड आणखी ऋण होतं, गेन उतरतो. आवाज थांबला की कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा होतो आणि गेन परत येतो. भरायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक, रिकामा व्हायला लागणारा म्हणजे रिलीज. बारावीचंच आरसी सर्किट आहे: १ मायक्रोफॅरड आणि १ मेगाओहम असतील, तर एका सेकंदात सुमारे ६३ टक्के चार्ज उतरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अशा कंप्रेसरचं प्रमाण स्थिर नसतं. ‘४ ला १’ म्हणजे मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहणार. पण व्हेरिएबल-म्यूमध्ये आवाज जितका वर जाईल तितकं हे प्रमाण वाढत जातं, त्यामुळे दाब मऊ वाटतो. दुसरी, व्हॉल्व्हला सिग्नल आल्याशिवाय काही करता येत नाही. तो नेहमी उशिरा हलतो, मिलिसेकंदाच्या काही भागाने का होईना.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेस्टर्न इलेक्ट्रिकने रेडिओ केंद्रांसाठी ११०-ए हा लिमिटर बाजारात आणला. उद्देश ट्रान्समीटर वाचवणं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रेन नार्मा या एस्टोनियन वंशाच्या अभियंत्याने रचना केलेले फेअरचाइल्ड ६६० आणि ६७० आले. त्यांचा उद्देश तबकडी कापणारं हेड वाचवणं. ६७० मध्ये २० व्हॉल्व्ह, वजन जवळपास ३० किलो. त्याच्या पहिल्या चार पोझिशनचा रिलीज ०.३ सेकंदापासून ५ सेकंदांपर्यंत. लंडनमध्ये ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओत ६६० पोचला आणि पुढे लोकांना त्याचा ‘रंग’ आवडायला लागला. आज याच्या नकला लोक रंगासाठी विकत घेतात, जन्म मात्र भीतीतून झाला: काहीतरी जळेल, तुटेल, फाटेल ही भीती.

एक सावधगिरी. ‘ट्यूब कंप्रेसर’ लिहिलेलं प्रत्येक उपकरण व्हॉल्व्हनेच दाबतं असं नाही. टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए मध्ये अँप्लिफायर व्हॉल्व्हचा आहे, पण दाबण्याचं काम एक प्रकाशणारी पट्टी आणि तिच्यासमोरचा प्रकाशसंवेदी रेझिस्टर करतात. सर्किट न बघता वर्गीकरण करू नका.

परळच्या गाळ्यात रॅक लावताना

हे सगळं वाचून कळतं, पण कानाला कळायला डबा स्वतः लावून बघावा लागतो. समजा, परळ-लालबागच्या एखाद्या औद्योगिक गाळ्यातल्या छोट्या स्टुडिओत ओळखीने दोन दिवस मिळाले. काय कराल?

रॅकची रुंदी १९ इंच. हे माप संगीतातलं नाही, १९२० च्या दशकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं आहे. उंचीचं एकक ‘यू’, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. ट्रान्सफॉर्मरमुळे वजन मागच्या बाजूला असतं, म्हणून डबा रॅकच्या खालच्या भागात ठेवा आणि मागून आधार द्या. नुसत्या पुढच्या चार स्क्रूंवर टांगू नका. व्हॉल्व्ह तापतात, तेव्हा वर किमान १ यू जागा मोकळी सोडा. मुंबईच्या दमट हवेत सॉकेटच्या पिनांवर थर चढतो आणि पावसाळ्यात खरखर सुरू होते. लॅमिंग्टन रोडवरून कॉन्टॅक्ट क्लीनर आणून ठेवा.

मग वीज. बेस्टचा पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जुना अमेरिकन डबा ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. पण व्होल्टेज जुळलं म्हणजे काम झालं असं समजू नका. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असतो. फ्रिक्वेन्सी ६० ची ५० झाली की फ्लक्स १.२ पट. गाभा कमी मापाचा असेल तर तापतो आणि गुणगुणतो. डब्यामागच्या पट्टीवर ‘५०/६०’ लिहिलंय का, हे आधी वाचा.

आणि एक गोष्ट अजिबात गमतीत घेऊ नका. आत २०० ते ३०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहू शकतं. झाकण उघडायचं काम जाणकार तंत्रज्ञाचं. मोजमाप बाहेरून करायचं.

डबा चालू करून अर्धा तास गरम होऊ द्या. मग १००० हर्ट्झचा शुद्ध सूर द्या, पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२२८ व्होल्ट. थ्रेशोल्ड इतका वर ठेवा की दाब शून्य असेल, आणि आत जेवढं तेवढंच बाहेर येईल असा गेन लावा. ही तुमची शून्यरेषा. ५० आणि १०० हर्ट्झचा हम किती आहे तेही आत्ताच मोजा. जास्त असेल तर अर्थिंग आणि केबल तपासा. आता थ्रेशोल्ड खाली आणा, सूर २-२ डेसिबलने वाढवत न्या आणि इनपुट-आउटपुटचा आलेख काढा. तो हळूहळू वाकताना दिसला की वेढ्यांची ती विरळ-दाट जाळी तुम्ही कागदावर पाहिली. शेवटी दोन सेकंद मोठा सूर आणि लगेच २० डेसिबल हळू सूर द्या. हळू सूर आधी दबलेला येतो आणि मग वर चढतो. त्या चढाचा काळ म्हणजे रिलीज.

यानंतर गाणं ऐका. अटॅक फार जलद ठेवलात तर तबल्याच्या ‘ना’ची धार बोथट होईल. तुलना करताना आधीची आणि नंतरची फाइल समान लाउडनेसवर आणायला विसरू नका. मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. ही चूक प्रयोगशाळेत कंट्रोल न ठेवण्याइतकीच गंभीर आहे.

तंबोऱ्याची साक्ष

गायकासोबत इलेक्ट्रॉनिक तंबोरा एकाच माइकमध्ये घ्या आणि एक जोरदार तान घ्यायला सांगा. तान थांबते, आणि तंबोरा कुणीतरी जवळ आणल्यासारखा फुगत वर येतो. तंबोऱ्याने काहीच केलेलं नाही. तान चालू असताना डब्याने सगळंच ६ डेसिबल दाबलं होतं, म्हणजे तंबोराही अर्ध्या व्होल्टेजवर होता. तान संपल्यावर गेन परत आला.

हा फुगवटा आता जुन्या रेकॉर्डमध्ये शोधा. एका माइकवरच्या मोनो मुद्रणात आपले तिघे वेगवेगळ्या खुणा सोडतात.

शरीर: गायक मागे सरला, तर आवाज कमी होतो, खोलीचा गुंजारव वाढतो, पण तंबोरा जागच्या जागी राहतो. माइकला तंबोरा पूर्वीइतकाच जवळ आहे.

हात: ध्वनिमुद्रकाने नॉब फिरवला, तर आवाजाबरोबर तंबोराही खाली जातो. बहुतेक वेळा हे तान सुरू व्हायच्या जरा आधी होतं, कारण त्याला चीज माहीत असते. आणि दर वेळी सारखं होत नाही. हाताला मूड असतो.

व्हॉल्व्ह: तंबोरा खाली जातो तो तान सुरू झाल्यावरच. तितक्याच जोराची तान पुन्हा आली की तितकाच दबतो, आणि परत येण्याचा काळ दर वेळी सारखाच निघतो.

चौथाही एक साक्षीदार आहे: सुईची खरखर. ती तबकडी वाजवताना येते, म्हणजे मूळ कंप्रेसरच्या नंतर साखळीत शिरते. म्हणून मूळ दाब कितीही असो, खरखर सपाट राहायला हवी. तानेनंतर तंबोऱ्यासोबत खरखरही फुगत असेल, तर दाब १९४० मध्ये दिलेला नाही. तो डिजिटायझेशनच्या वेळी किंवा अपलोड करताना कुणीतरी दिला आहे, किंवा खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरची ती करामत आहे. अशा फाइलवरून जुन्या स्टुडिओबद्दल एक वाक्यही लिहू नका.

पद्धतीच्या मर्यादा स्वतःच आधी सांगा, म्हणजे दुसऱ्याने सांगायची वेळ येत नाही. तान चालू असताना तंबोरा झाकला जातो, म्हणून मोजमाप तान संपल्यापासून करायचं. तंबोऱ्याच्या तारा आळीपाळीने छेडल्या जातात, त्यांचा स्वतःचा चढउतार असतो; एका तानेवर भिस्त न ठेवता अनेक तानांची सरासरी घ्या. गायक थांबला की पेटीवाला मुद्दाम भरून वाजवतो, तो फुगवटा कंप्रेसरचा नाही. म्हणून पूर्ण सिग्नल न मोजता तंबोऱ्याच्या ठरावीक स्वरांशांच्या पट्ट्या गाळून मोजा. टेपचं सॅच्युरेशनही शिखरं दाबतं, पण त्याला रिलीजची शेपटी नसते. आणि डिजिटल लिमिटर काही मिलिसेकंद पुढचं बघू शकतो. म्हणून ‘आधी’ किती आधी, हे मोजल्याशिवाय त्याला हात म्हणू नका.

प्रपोजलमध्ये काय लिहाल?

पहिलं, स्रोत. आठवणींची पुस्तकं जरूर वाचा. एचएमव्हीच्या मुंबई शाखेत दीर्घकाळ काम केलेले गायक जी. एन. जोशी यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ यासाठी पहिल्या यादीत हवं. पण अशा पुस्तकांत आपल्याला माणसं भेटतात, नॉबच्या पोझिशन क्वचितच. त्यामुळे लेखी साधन आणि ध्वनी दोन्ही एकमेकांसमोर ठेवावे लागतात. तबकडीच्या लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक टिपून घ्या, कालनिश्चितीला तो लागतो. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, या दोन नावांपासून सुरुवात करा.

दुसरं, गृहीतक खोटं ठरू शकेल असं लिहा. ‘जुन्या मुद्रणात कंप्रेसर वापरला असावा’ हे गृहीतक नाही, अंदाज आहे. ‘अमुक तबकड्यांत तानेनंतर तंबोऱ्याचा पुनरागमन-काळ स्थिर राहतो आणि खरखर सपाट राहते’ हे तपासता येतं, आणि चुकीचंही ठरू शकतं.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचं: कच्ची फाइल मागा. घरोघरच्या तबकड्या आणि टेपा आज उत्साहाने डिजिटल होत आहेत, आणि त्याच उत्साहाने ‘साफ’ही होत आहेत. खरखर काढली, आवाज समान केला, ऐकायला छान झालं. पण खरखर गेली की चौथा साक्षीदार गेला, आणि वरून नवा कंप्रेसर बसला की तंबोऱ्याची साक्षही फिरली. साफ केलेली प्रत ऐकायला ठेवा, हरकत नाही. तिच्या शेजारी एक काहीही न केलेली प्रत, कोणत्या सुईने आणि कोणत्या यंत्रावर घेतली त्याच्या नोंदीसह, जपली गेली पाहिजे. तुमच्या घरी, ओळखीत कुणी हे काम करत असेल तर एवढं त्यांना आजच सांगा. गायकाने मान वळवली, परळच्या मिक्सरने बोट हलवलं की व्हॉल्व्हच्या ग्रिडवर व्होल्टेज चढलं, हे पुढच्या संशोधकाला त्या कच्च्या प्रतीतूनच कळणार आहे.

सराव म्हणून तुमच्याकडची ख्यालाची कुठलीही एक जुनी मोनो फाइल काढा. हेडफोन लावा, गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि प्रत्येक तानेनंतरचे दोन सेकंद फक्त तंबोरा आणि खरखर ऐका. दहा तानांची नोंद करा: तंबोरा फुगला का, खरखर फुगली का, आणि किती वेळात. तुमच्या प्रपोजलच्या पायलट स्टडीचा पहिला तक्ता तयार आहे.